विश्लेषण : जेम्स वॉट यांचे इंजिन ११ वर्षे कशामुळे रखडले?

वाफेच्या इंजिनाचा कायापालट करणारी कल्पना जेम्स वॉट यांना १७६५ मध्ये सुचली. त्या कल्पनेवर चालणारे पहिले मोठे इंजिन खाणीवर सुरू झाले ते १७७६ मध्ये. मधल्या ११ वर्षांत कल्पना बदलली नाही, कारण तिच्यात चूक नव्हती. अडचण होती ती सिलिंडर आणि पिस्टन यांच्यातील फटीची. आज मोटारीच्या इंजिनातील गॅस्केट वायू रोखून धरील की नाही, हे आधी संगणकावर तपासतात. वॉट यांना प्रत्येक प्रयोग धातूत घडवून करावा लागला. त्याची किंमत त्यांनी आणि त्यांच्या भागीदाराने मोजली.

वॉट इंजिनाकडे कसे वळले?

जेम्स वॉट यांचा जन्म १९ जानेवारी १७३६ रोजी स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदरात झाला. वडिलांचा जहाजांच्या साहित्याचा व्यवसाय होता. मोजमापाची उपकरणे बनवण्याचे शिक्षण घेण्यासाठी वॉट लंडनला गेले. या कामाची उमेदवारी एरवी ७ वर्षांची असे. वॉट यांनी ती एका वर्षात उरकली आणि प्रकृती ढासळल्यामुळे ते घरी परतले. १७५७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने त्यांना आवारातच कार्यशाळेसाठी जागा दिली.

याच कार्यशाळेत १७६३-६४ च्या हिवाळ्यात एक छोटे यंत्र दुरुस्तीसाठी आले. ते न्यूकोमेनच्या इंजिनाचे विद्यापीठात शिकवण्यासाठी वापरले जाणारे प्रारूप होते. वॉट यांनी ते चालते केले, पण काही फेऱ्यांतच त्याची वाफ संपत असे. एवढ्याशा यंत्राला इतकी वाफ का लागते, या प्रश्नाने त्यांना पछाडले.

न्यूकोमेनच्या इंजिनात दोष कोणता होता?

थॉमस न्यूकोमेन यांचे इंजिन १७१२ पासून खाणीतील पाणी उपसत होते. त्याच्या सिलिंडरमध्ये वाफ भरली जाई, मग आत थंड पाण्याचा फवारा मारला जाई. वाफेचे पाणी होऊन आत पोकळी तयार होई आणि बाहेरच्या हवेचा दाब पिस्टनला खाली ढकली. म्हणजे प्रत्येक फेरीत सिलिंडर तापवायचा, थंड करायचा आणि पुन्हा तापवायचा. बरीच वाफ नुसता सिलिंडर तापवण्यातच खर्ची पडत होती.

वॉट यांचा उपाय वरवर साधा होता. वाफ सिलिंडरमध्ये थंड करायचीच नाही. ती शेजारच्या वेगळ्या भांड्यात ओढून घ्यायची आणि तिथे तिचे पाणी करायचे. हे भांडे म्हणजे कंडेन्सर. सिलिंडर कायम गरम राहील, कंडेन्सर कायम थंड. १७६५ च्या मे महिन्यातील एका रविवारी ग्लासगो ग्रीन या मैदानात फिरताना त्यांना हे सुचले. पितळी पिचकारीचा सिलिंडर करून त्यांनी लगेच एक छोटे यंत्र बनवले आणि कल्पना बरोबर असल्याची खात्री करून घेतली.

मग नव्या कल्पनेने गळती कशी वाढली?

न्यूकोमेनच्या इंजिनात गळतीवर सोपा तोडगा होता. पिस्टनला चामड्याची कड लावायची आणि त्याच्यावर पाण्याचा थर ठेवायचा. सिलिंडर ओबडधोबड असला, त्याचा व्यास एका जागी कमी आणि दुसऱ्या जागी जास्त असला, तरी चामडे आणि पाणी मिळून फट बुजवत. थोडे पाणी आत झिरपले तरी बिघडत नसे, कारण सिलिंडर थंड करायचाच होता.

वॉट यांच्या इंजिनात हाच तोडगा घातक ठरला. सिलिंडर सतत गरम ठेवायचा, तर पिस्टनवर पाणी चालणार नाही. ते झिरपले की त्याची वाफ होणार, सिलिंडर निवणार आणि कल्पनेचा सगळा फायदा तिथेच संपणार. पाणी काढून टाकले, तर फट उघडी पडते. फटीतून वाफ निसटली की इंधन वाया जाते. फटीतून वाफ किंवा हवा पोकळीच्या बाजूला शिरली, तर पोकळीच नासते आणि पिस्टन जोर धरत नाही. प्रेशर कुकरची रिंग सैल झाली की गॅस कितीही मोठा केला तरी शिट्टी होत नाही, तसाच हा प्रकार.

ही अडचण वॉट यांनी ओळखली होती. ५ जानेवारी १७६९ रोजी मिळालेल्या त्यांच्या पेटंटमध्ये कंडेन्सरबरोबरच पिस्टन हवाबंद करण्याचाही मुद्दा आहे. पाण्याऐवजी तेल, मेण, राळेसारखे पदार्थ, प्राण्यांची चरबी, पारा आणि वितळलेले इतर धातू वापरण्याचा उल्लेख त्यात येतो. यादी लांबलचक आहे. खात्रीचा एकच उपाय हाती असता, तर एवढ्या पर्यायांची गरज पडली नसती.

किनीलच्या चाचणीत काय झाले?

प्रयोगांसाठी पैसा लागत होता. तो दिला जॉन रोबक यांनी. कॅरन लोखंड कारखान्याच्या संस्थापकांपैकी ते एक होते. त्यांनी कोळशाच्या खाणी घेतल्या होत्या, पण त्यात पाणी भरत होते आणि जुनी इंजिने ते उपसायला पुरी पडत नव्हती. त्यांनी वॉट यांचे सुमारे १,००० पौंडांचे कर्ज अंगावर घेतले. बदल्यात पेटंटचा दोनतृतीयांश वाटा त्यांच्याकडे गेला.

रोबक यांच्या किनील येथील वाड्यामागे एका छोट्या इमारतीत, लोकांच्या नजरेआड इंजिन उभे राहिले. १७६९ च्या सप्टेंबरमध्ये ते तयार झाले. १८ इंची सिलिंडर कथिलाचा होता. पिस्टनभोवती वॉट यांनी बूच लावून पाहिले, तेलात भिजवलेल्या चिंध्या लावल्या, जुन्या फेल्ट टोप्या आणि कागदही वापरला. फट काही बुजेना.

कारण सोपे होते. सिलिंडर आतून खरा गोल नव्हता. पिस्टनची गादी रुंद जागी सैल पडे आणि अरुंद जागी अडके. भरण बदलून हा दोष जाणार नव्हता. एका ठिकाणी पुरेसा दाब आणि दुसऱ्या ठिकाणी फट, ही तक्रार आजचा गॅस्केट अभियंताही जशीच्या तशी ओळखेल. सांधा सरासरीने घट्ट असून भागत नाही. त्याच्या सर्वांत कमजोर जागेवर सगळे अवलंबून असते. नामवंत अभियंते जॉन स्मीटन यांचेही मत असेच होते, की इतक्या अचूकतेने हे यंत्र घडवणारी हत्यारे नाहीत आणि कारागीरही नाहीत.

या अपयशाची किंमत कोणी मोजली?

प्रत्येक फसलेली चाचणी म्हणजे नवा धातू, नवी मजुरी आणि महिन्यांची वाट पाहणे. वॉट यांना घर चालवायचे होते. १७६४ मध्ये त्यांचे मार्गारेट मिलर यांच्याशी लग्न झाले होते आणि मुले लहान होती. पोटासाठी त्यांनी कालव्यांच्या सर्वेक्षणाची कामे घेतली. मोंकलंड कालव्याची पाहणी आणि देखरेख त्यांनी केली. ज्या वर्षांत इंजिन पुरे व्हायचे, ती वर्षे चिखलात जमीन मोजण्यात गेली.

रोबक यांच्या खाणींतील पाणी हटले नाही आणि १७७३ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये वॉट स्कॉटलंडच्या उत्तरेला कालव्याच्या मार्गाची पाहणी करत असताना मार्गारेट यांचा बाळंतपणात मृत्यू झाला. वॉट घरी पोहोचले तेव्हा सारे संपले होते.

रोबक यांच्या मालमत्तेचा हिशेब झाला, तेव्हा इंजिनातील वाट्याला इतर धनकोंनी काडीचीही किंमत दिली नाही. बर्मिंगहॅमचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांचे रोबक यांच्याकडे सुमारे १,२०० पौंड अडकले होते. त्यांनी त्या बदल्यात हा वाटा घेतला. किनीलचे इंजिन सुटे करून बोल्टन यांच्या सोहो कारखान्याकडे पाठवले गेले आणि १७७४ मध्ये वॉट बर्मिंगहॅमला आले.

कोडे कोणी सोडवले?

उत्तर आले तोफांच्या कारखान्यातून. जॉन विल्किन्सन हे लोखंडाचे मोठे कारखानदार होते. भरीव ओतलेल्या तोफेला अचूक भोक पाडण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांनी १७७४ मध्ये घेतले. पुढच्याच वर्षी त्यांनी सिलिंडरसाठी वेगळे यंत्र केले.

जुन्या पद्धतीत कापणारे हत्यार लांब दांड्याच्या एका टोकाला असे. दांडा आपल्याच वजनाने लवायचा आणि ओतकामातील वेडेवाकडेपणाच्या मागे हत्यार जायचे. विल्किन्सन यांनी जाडजूड दांडा सिलिंडरमधून आरपार नेला आणि त्याला दोन्ही टोकांना आधार दिला. सिलिंडर स्थिर ठेवला आणि हत्यार फिरत फिरत दांड्यावरून पुढे सरकवले. आता हत्यार सिलिंडरच्या चुकांमागे न जाता दांड्याच्या सरळ रेषेत जाऊ लागले.

किनीलच्या इंजिनाला १७७५ मध्ये विल्किन्सन यांचा लोखंडी सिलिंडर बसला. त्याच वर्षी संसदेने कायदा करून वॉट यांच्या पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवली. मार्च १७७६ मध्ये टिप्टनजवळच्या ब्लूमफील्ड कोळसा खाणीवर ५० इंची सिलिंडरचे इंजिन सुरू झाले. एवढ्या मोठ्या सिलिंडरमध्ये कुठेही एका जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीएवढीही चूक नसल्याची नोंद बोल्टन यांनी केली आहे. ११ वर्षे अडलेले काम एका बोअरिंग यंत्राने पुढे सरकले होते.

उरलेली फट कशी बुजवली?

सिलिंडर गोल झाला तरी पिस्टन त्यात सरकायला हवा, म्हणजे थोडी जागा राहणारच. त्या जागेत चरबी लावलेला, दोरीसारखा वळलेला तंतू भरला जाई आणि वरून कडे आवळून तो दाबला जाई. दाबला की तो बाजूंना फुगून सिलिंडरच्या भिंतीला टेके. झिजला की कडे पुन्हा आवळायचे.

वॉट यांनी सिलिंडरला वरूनही झाकण लावले होते. त्यातून पिस्टनचा दांडा वरखाली व्हायचा. तिथेही असेच भरण घालून दांड्याभोवती आवळले जाई. शेतावरच्या जुन्या पंपाच्या ग्लँडमध्ये दोरी भरून नट आवळताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे तंत्र ओळखीचे वाटेल.

न हलणाऱ्या सांध्यांसाठी वेगळा उपाय होता. लोखंडाचा कीस आणि नवसागर यांचे ओले मिश्रण दोन भागांमध्ये ठासायचे. ते गंजून फुगते आणि दगडासारखे घट्ट होते. याच्या शोधाचे श्रेय वॉट यांचे सहकारी विल्यम मर्डॉक यांना दिले जाते. कॉर्नवॉलच्या खाणींवर इंजिने उभारण्याचे काम मर्डॉक यांच्याकडे होते. तिथे बोल्टन आणि वॉट वाचलेल्या इंधनाच्या किमतीचा एकतृतीयांश भाग मोबदला म्हणून घेत. त्यामुळे गळणारा प्रत्येक सांधा थेट त्यांच्या उत्पन्नाला कात्री लावत होता.

बंद सिलिंडरमधील गळती कळायची कशी?

फटीतून बाहेर निसटणारी वाफ डोळ्यांना दिसते. पोकळीच्या बाजूने आत शिरणारी हवा दिसत नाही. म्हणून वॉट यांनी सिलिंडरला एक छोटे उपकरण जोडले. स्प्रिंग लावलेला लहान पिस्टन आतील दाबाप्रमाणे हले आणि काटा तो दाब दाखवी. १७९६ मध्ये त्यांचे सहकारी जॉन सदर्न यांनी काट्याच्या जागी पेन्सिल आणि तिच्यामागे इंजिनाबरोबर सरकणारी फळी बसवली. एका फेरीत कागदावर बंद आकृती उमटू लागली.

या आकृतीचे क्षेत्रफळ म्हणजे त्या फेरीत झालेले काम. तिचा आकार बिघाडही सांगे. झडप उशिरा उघडते आहे, वाफ गळते आहे, पोकळी पुरेशी होत नाही, हे सारे इंजिन न खोलता कळे. हे उपकरण कंपनीने बरीच वर्षे गुपित ठेवले. इंजिनाच्या चाचणीत आज संगणकाच्या पडद्यावर उमटणारा दाबाचा आलेख याच पेन्सिलीच्या रेषेचा वारस आहे.

आज गॅस्केटची परीक्षा कशी होते?

आजच्या इंजिनात पिस्टनची फट धातूच्या रिंगा सांभाळतात. सिलिंडर ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधील सांधा हेड गॅस्केट सांभाळते. वॉट यांची वाफ हवेच्या दाबापेक्षा किंचितच जास्त दाबाची होती. मोठ्या डिझेल इंजिनात आज हवेच्या दाबाच्या २०० पटींहून जास्त दाब क्षणभर निर्माण होतो, तोही मिनिटाला शेकडो वेळा. त्याच गॅस्केटला शेजारून जाणारे पाणी आणि तेल एकमेकांत मिसळू द्यायचे नसते.

म्हणून अनेक इंजिनांत पातळ पोलादी पत्र्यांच्या थरांचे गॅस्केट वापरतात. प्रत्येक छिद्राभोवती पत्र्याला उठाव दिलेला असतो. बोल्ट आवळले की तो स्प्रिंगसारखा दबतो आणि स्फोटाने हेड किंचित उचलले गेले तरी मागोमाग उठून फट भरतो. वरचा रबरी थर पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यांत शिरतो.

चाचणीची पहिली पायरी म्हणजे गॅस्केट यंत्रात दाबून आणि सोडून पाहणे. किती दाबाला ते किती बसते आणि दाब काढल्यावर किती उठते, याचा आलेख मिळतो. मग दाबानुसार रंग बदलणारी फिल्म सांध्यात ठेवून बोल्ट आवळतात. रंग फिका पडलेली जागा म्हणजे कमजोर जागा. सांध्यात हवा किंवा हेलियम भरून दाब किती वेगाने उतरतो, तेही मोजतात. शेवटी इंजिन तापवून आणि थंड करून, पुन्हा पुन्हा चालवले जाते.

संगणक यात नेमके काय करतो?

हेड, ब्लॉक, बोल्ट आणि गॅस्केट यांचे संगणकावर हजारो-लाखो छोटे तुकडे पाडले जातात. प्रत्येक तुकडा किती ताठ आहे, तापल्यावर किती फुगतो, हे त्याला सांगितले जाते. गॅस्केटसाठी प्रयोगशाळेत मिळालेला दाबण्या-सोडण्याचा आलेख भरला जातो, कारण एकदा दबलेले गॅस्केट आधीच्याच वाटेने परत उठत नाही. मग क्रमाने बोल्ट आवळायचे, इंजिन तापवायचे, एकेका सिलिंडरमध्ये स्फोटाचा दाब द्यायचा आणि पुन्हा थंड करायचे. सगळे पडद्यावर.

उत्तर येते ते दाबाच्या रंगीत नकाशाच्या रूपात. सिलिंडरभोवती कुठल्या जागी दाब गरजेपेक्षा खाली उतरतो, हे एकही भाग ओतण्याआधी दिसते. बोल्टची जागा किंवा उठावाची उंची बदलून लगेच दुसरी चाचणी घेता येते. किनीलला अशा प्रत्येक बदलासाठी महिने आणि पौंड लागत होते. संगणकाने वाचवली ती चुकण्याची किंमत. चुकण्याची गरज मात्र संपलेली नाही, कारण ओतकामातील उणीव, बोल्ट आवळणारा हात आणि वर्षानुवर्षांची झीज हे सगळे गणितात पुरतेपणी उतरत नाही. अंतिम निकाल तापलेल्या इंजिनावरच लागतो.

वॉट अखेरपर्यंत सावध का राहिले?

उत्तरायुष्यात वॉट यांची भूमिका उलटी झाली. रिचर्ड ट्रेव्हिथिक यांच्यासारखे तरुण अभियंते जास्त दाबाची वाफ वापरू पाहत होते. त्यातून कंडेन्सरशिवाय चालणारी छोटी इंजिने आणि पुढे रेल्वेची इंजिने शक्य होणार होती. वॉट यांचा याला ठाम विरोध होता. बॉयलर फुटतील ही त्यांची भीती खोटी नव्हती. १८०३ मध्ये ग्रीनिच येथे ट्रेव्हिथिक यांचा बॉयलर फुटून कामगार दगावले. पण वॉट यांच्या पेटंटने आणि कोर्टकचेऱ्यांनी प्रतिस्पर्ध्यांची वाट अडवली, हेही खरे. ज्यांची उमेदीची वर्षे हलक्या दाबाची वाफ कोंडण्यात गेली, त्यांना जास्त दाबाच्या वाफेवर विश्वास ठेवणे जड गेले.

पेटंट संपले त्या वर्षी, १८०० मध्ये, वॉट व्यवसायातून निवृत्त झाले. २५ ऑगस्ट १८१९ रोजी बर्मिंगहॅमजवळच्या हीथफील्ड या घरी त्यांचे निधन झाले. १८८२ मध्ये शक्तीच्या एककाला त्यांचे नाव देण्यात आले. आज घरातील बल्बपासून मोटारीपर्यंत सगळ्याची शक्ती वॉटमध्ये मोजली जाते. एखादे इंजिन ठरलेले वॉट देईल की नाही, हे मात्र अजूनही त्याचे सांधे किती घट्ट आहेत, यावरही अवलंबून असते.